एका घराची अकरा पानं

माझ्या नाकावर राग असतो, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. लखनौला आल्यावर त्या रागाची मोठी पंचाईत झाली, कारण इथं भांडायला कुणी तयारच होईना. मी मिरजेची. ग्रंथालयशास्त्र शिकलेली, चार वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत कार्डं लिहिलेली. नवरा औषधांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत लागला म्हणून आम्ही इकडे आलो. मी शहरातल्या एकेका ग्रंथालयात अर्ज दिला आणि प्रत्येक ठिकाणाहून 'अच्छा, देखते हैं' असं गोड उत्तर घेऊन परत आले. इथले लोक नकार इतक्या अदबीनं देतात, की तो नकार होता हे घरी येऊन चहा प्यायल्यावर कळतं.

असे बरेच चहा झाल्यावर मी निशातगंजमधल्या एका ऑफिसात नोकरी धरली. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही सहा जण, चार कॉम्प्युटर आणि एक कूलर. वेबसाइट बनवायच्या आणि त्या लोकांना सापडतील असं बघायचं, हे आमचं काम. माणसं सर्चमध्ये जे शब्द टाइप करतात त्यांना ऑफिसात कीवर्ड म्हणत. आमच्या सरांचा एकच कायदा होता: हर कीवर्ड का अपना पेज. म्हणजे नळांच्या दुकानाची वेबसाइट असेल तर 'बाथरूम फिटिंग'चं एक पान, 'बाथरूम के नल'चं दुसरं, 'नल की दुकान'चं तिसरं. मजकूर तोच, चार वाक्यं इकडची तिकडे केलेली. जितके शब्द तितकी पानं, आणि जितकी पानं तितकी गिऱ्हाइकं, असा हिशेब होता.

बाकीच्यांना या कामाचा कंटाळा यायचा. मला ते पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं. लायब्ररीत आम्ही एकाच पुस्तकाची तीन-चार कार्डं करायचो. एक लेखकाच्या नावानं, एक शीर्षकाचं, एक-दोन विषयांची. वाचकाला काय आठवेल ते सांगता येत नाही, तेव्हा तो कुठलाही धागा धरून आला तरी त्याला पुस्तक मिळालं पाहिजे. मला वाटलं, हे तर आपलंच काम, फक्त लाकडी ड्रॉवर नाहीत. मी इतक्या झपाट्यानं पानं उभी करायला लागले, की सर माझ्याशी बोलताना खुर्चीतून अर्धवट उठायला लागले. दोन-तीन वर्षं ती पानं सर्चमध्ये वर येतही होती. त्यामुळे स्वतःच्या हुशारीबद्दल शंका घ्यायचं मला काही कारण पडलं नाही.

आम्ही जानकीपुरमला राहत होतो. आमच्या गल्लीच्या टोकाला, कोपऱ्यावरच्या प्लॉटवर, एका काकूंचं घर होतं. काकू मूळच्या कऱ्हाडच्या. काका हवाई दलात होते, शेवटची बदली लखनौजवळच्या बख्शी का तालाबला झाली, तिथूनच निवृत्त झाले आणि इथं घर बांधून राहिले. मी इथं आले त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. काकूंची माझी ओळख भाजीच्या गाडीवर झाली. त्यांनी भेंडीवाल्या भैयाशी पाच मिनिटं शुद्ध हिंदीत घासाघीस केली आणि मग मराठीत मोठ्यानं म्हणाल्या, "मेल्याला जून भेंडी खपवायला मीच सापडते." मी हसले. त्यांनी वळून विचारलं, "कुठली गं तू?" भाजी राहिली बाजूला, मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

त्या घरात पहिल्यांदा डोळ्यात भरले ते खिळे. प्रत्येक भिंतीला खिळे. त्यांना कॅलेंडर, छत्री, पिशव्या, काकांची टोपी, चहाची गाळणी, सगळं टांगलेलं. मी विचारल्यावर काकूंनी सांगितलं, की काकांच्या नोकरीत त्यांनी सतरा घरं बदलली, आणि सतराही घरं सरकारी. सरकारी भिंतीला खिळा मारायचा नाही. सतरा ठिकाणी त्यांनी आरसा खुर्चीवर टेकवून वेणी घातली. हे घर बांधून झालं त्या दिवशी काकांनी त्यांच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाले, मार कुठं मारायचाय तिथं. "तेव्हापासून मारतेच आहे," असं म्हणून त्या खुदकन हसल्या.

मग एका हिवाळ्यात काकू न्हाणीघरात घसरल्या. वरचा मजला तेव्हा रिकामा होता, बँकेत नोकरी करणारं बिऱ्हाड बदली होऊन गेलेलं. दोन तास त्या ओल्या फरशीवर पडून होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. मोडलं काही नाही, पण पुण्याला राहणारा त्यांचा मुलगा धावत आला आणि या खेपेला तो अडून बसला. घर विकायचं आणि काकूंनी पुण्याला यायचं. तो काही वाईट नव्हता. आईला रिकाम्या घरात एकटं ठेवून त्याला झोप लागणार नव्हती, इतकंच. दोन दिवस मायलेकांचं चाललं. शेवटी त्यानं एक अट घातली: वर चार खोल्या आहेत, दिवाळीपर्यंत चारही खोल्यांत माणसं आली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, नाही आली तर तू चलायचंस. काकूंनी अट मान्य केली. त्यांना गोष्टी अशा स्वच्छ आवडायच्या.

मुलगा गेल्यावर मला म्हणाल्या, "मी इथून हलणार नाही. तू काहीतरी कर." त्या कधी कुणाला काही मागत नसत. मी त्याच दिवशी ठरवलं, की या चार खोल्या मी भरणार. आणि माझ्या हातात तर हुकमी विद्या होती.

काकूंचं म्हणणं होतं की फाटकावर पाटी लावावी. मी म्हटलं, काकू, पाटी कोण वाचतं हल्ली. मुलींसाठी खोल्या द्यायच्या असं ठरवलं आणि मी कामाला लागले. शब्द काढले: गर्ल्स हॉस्टेल, लेडीज हॉस्टेल, गर्ल्स पीजी, पेइंग गेस्ट, वर्किंग वुमन हॉस्टेल, मुलींसाठी खोली, असे आणखी. एकूण अकरा निघाले. अकरा शब्दांची अकरा पानं केली. घर कोपऱ्यावरचं असल्यामुळे त्याला दोन फाटकं होती, एक रस्त्याच्या बाजूला आणि एक पार्कच्या बाजूला. त्याचाही मी उपयोग करून घेतला. काही पानांवर रस्त्याचा पत्ता, काहींवर पार्कसमोरचा, काहींवर 'पानी की टंकी के पास'. फोटो वेगळ्या बाजूंनी काढले. फोन नंबरही तीन दिले: काकूंचा मोबाइल, घरातला लँडलाइन आणि माझा. पानं एकसारखी दिसू नयेत म्हणून मी हे सगळं केलं आणि केल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. काकूंना दाखवलं तर त्या बराच वेळ चष्म्यातून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी घरं कधी बांधली आपण?" मी म्हटलं, काकू, हे असंच असतं.

जूनमध्ये फोन येऊ लागले. जुलैत प्रवेशांचे दिवस आले आणि एका रविवारी सीतापूरकडच्या एका गावातून एक मास्तर मुलीला घेऊन आले. मी तेव्हा काकूंकडेच होते. मास्तर शाळेत हिंदी शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात चार घड्या घातलेला कागद. मुलीचं इथल्या कॉलेजात नाव लागलं होतं. काकूंनी वरची पूर्वेची खोली दाखवली. मुलगी फार बोलली नाही, पण तिनं आपली बॅग कॉटवर ठेवली आणि खिडकी उघडून पाहिली. मास्तर म्हणाले, खोली छान आहे, पण कागदावर आणखी दोन ठिकाणं आहेत, तीही बघतो आणि मग सांगतो. बॅग त्यांनी तिथंच राहू दिली. मला तर ती खोली भरल्यातच जमा वाटली.

अर्ध्या तासानं पार्कच्या बाजूची घंटा वाजली. काकू पीठ मळत होत्या, तशाच हातांनी त्यांनी ते फाटक उघडलं. बाहेर मास्तर. ते काकूंकडे बघतात, काकू त्यांच्याकडे. त्यांनी कागद पाहिला, घराकडे पाहिलं, पार्ककडे पाहिलं. मग शांतपणे खिशातून फोन काढला आणि कागदावरचा तिसरा नंबर लावला. स्वयंपाकघरात, चहाच्या भांड्याशेजारी, माझा मोबाइल वाजायला लागला.

तो मी वाजता वाजता बंद केला. मग मास्तरांनी विचारलं, ही घरं किती आहेत? काकू म्हणाल्या, एकच आहे. मास्तरांचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बहन जी, हम मास्टर आदमी हैं. कोई लड़का एक ही निबंध तीन शीर्षक लगाकर ले आए, तो हम तीनों में शून्य देते हैं."

काकू म्हणाल्या, "गलती हमारी है. हमने ही लिखवाया था."

मी दाराच्या आड उभी होते. चार पावलं पुढे जाऊन 'मी लिहिलं' एवढं म्हणायचं होतं. एरवी रिक्षावाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडायला उभी राहणारी मी, पण त्या दिवशी माझे पाय जागचे हलले नाहीत. मुलगी वर जाऊन बॅग घेऊन आली. जाताना तिनं काकूंना नमस्ते केलं. फाटक लागल्याचा आवाज आला, काकू आत आल्या आणि पुन्हा पीठ मळायला बसल्या. मला त्या दिवसाइतकी स्वतःची लाज आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

लाज एकीकडे, आणि दुसरीकडे पानंही बुडायला लागली होती. आज 'गर्ल्स पीजी'चं पान वर दिसायचं, उद्या ते गायब आणि 'लेडीज हॉस्टेल'चं त्याच्या जागी, परवा तिसरंच. एकाच घरातली अकरा पानं एकाच दारातून आत शिरायला बघत होती आणि एकमेकांना ओढून मागे पाडत होती. ऑगस्टमध्ये तर सगळीच मिळून कुठं तळाला गेली ते दिसेना. ऑफिसातल्या बाकीच्या वेबसाइटचंही हेच होत होतं, कारण सर्चवाल्यांनी मोजायची रीत बदलली होती आणि एकसारखी पानं आता त्यांना चालत नव्हती. मास्तरांनी दिलेलं शून्य त्यांनीही दिलं. मी सरांना जाऊन काकूंच्या अकरा पानांचं उदाहरण देऊन सांगितलं की आपली रीत चुकते आहे. सर म्हणाले, "मैडम, ग्यारह से नहीं हो रहा तो बाईस खड़े कीजिए." त्यांच्याशी माझं त्या दिवशी जे भांडण सुरू झालं, ते पुढे वर्षभर पुरलं.

काकूंना मी सगळं खरं सांगितलं. पानं कशी बनवली, का बनवली, कशी बुडाली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या. आता?" मी म्हटलं, आता मी हे निस्तरणार. वरच्या चारही खोल्या रिकाम्या होत्या आणि दिवाळीला अडीच महिने उरले होते. दसऱ्यानंतरच्या गाडीचं मुलाचं तिकीट निघालेलं होतं.

मी काकूंना विचारलं, फोनवर लोक काय काय विचारतात? त्यांनी लँडलाइनशेजारच्या खिळ्यावरून एक वही काढून माझ्या हातात दिली. काकांना ड्यूटी रजिस्टर लिहायची सवय होती. कोण आलं, कुठून आलं, काय हवं होतं. ते गेल्यावर काकूंनी ती सवय उचलली होती. जूनपासून आलेला प्रत्येक फोन त्या वहीत होता, काकूंच्या मराठी अक्षरात. 'बहराइच. वडील. पुरुष माणूस घरात आहे का. पाणी किती वाजता.' 'गोंडा. नर्स. रात्रपाळीहून सकाळी येणार, फाटक कोण उघडणार.' 'आई एक रात्र राहिली तर चालेल का.' 'परीक्षेपुरत्या पंधरा दिवस.' तीन महिने ही वही भिंतीवर टांगलेली होती आणि मी निशातगंजला बसून शब्द शोधत होते.

त्या आठवड्यात मी सुट्टी काढली. काकूंच्या हॉलमध्ये फरशीवर बसून मी चिठ्ठ्या केल्या. एका रंगाच्या चिठ्ठीवर लोकांनी सर्चमध्ये टाकलेले शब्द, दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीवर वहीतले प्रश्न. कुठल्या शब्दानं आलेला माणूस काय विचारतो, ते बघून मी चिठ्ठ्या जवळजवळ ठेवत गेले. पंखा बंद ठेवावा लागला, नाहीतर चिठ्ठ्या उडत. सप्टेंबरच्या उकाड्यात काकू आणि मी घामानं भिजून ते करत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चित्र दिसायला लागलं. कुणी हॉस्टेल म्हणो, पीजी म्हणो की पेइंग गेस्ट म्हणो, त्यातले बहुतेक सगळे एकच माणूस होते: पहिल्यांदा मुलीला घराबाहेर ठेवणारा बाप. त्याचे प्रश्न तेच, काळजी तीच. त्याच्यासाठी आठ-नऊ पानं कशाला हवीत? वेगळी माणसं दोनच होती. एक नोकरी करणारी बाई, जिला फाटकाच्या चावीची चिंता होती, आणि एक परीक्षेपुरती येणारी मुलगी, जिला महिन्याचा करार नको होता.

तेव्हा मला माझी चूक नीट कळली, आणि ती एका लायब्ररीवालीलाच शोभेल अशी होती. पुस्तकाची कार्डं चार असतात, पण पुस्तक एक असतं आणि ते फडताळात एकाच जागी असतं. कार्ड कधी पुस्तक असल्याचा आव आणत नाही. उलट आमच्याकडे 'पाहा'ची कार्डं असायची. वाचक दुसऱ्याच नावानं शोधत आला, तर त्या नावाच्या कार्डावर फक्त एवढंच, की अमुक नावाखाली पाहा. मी अकरा कार्डं लिहिली आणि अकराही पुस्तकांच्या जागी मांडून ठेवली. चार वर्षं जे हातानं केलं होतं, तेच मी विसरले होते.

वेबसाइटमध्येही 'पाहा'ची सोय असते. जुन्या पानाचा पत्ता कुणी उघडला तर तो आपोआप योग्य पानावर येऊन पडतो. मी आठ पानं काढून टाकली आणि त्यांच्या जागी ती सोय केली. उरली तीन. एक मुलींच्या आईवडिलांसाठी, एक नोकरदार बायकांसाठी, एक थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांसाठी. पत्ता एक, फोन एक. आणि तिन्ही पानांवर ठळक लिहिलं, की हे एकच घर आहे, कोपऱ्यावर असल्यामुळे त्याला दोन फाटकं आहेत.

मजकूर काकूंनी सांगितला. त्या वही घेऊन एकेक प्रश्न वाचायच्या आणि मराठीत उत्तर द्यायच्या, मी हिंदी करायची. पाणी सकाळी साडेपाचला येतं, संध्याकाळी येत नाही. गॅलरीत माकडं येतात, कपडे चिमटे लावून वाळत घालावेत. घरात पुरुष माणूस नाही. जेवणात आठवड्यातून एकदा मराठी पद्धतीची आमटी असेल, तक्रार चालणार नाही. मी म्हटलं, काकू, असं कोण लिहितं? कमतरता लिहिल्या तर कोण येईल? त्या म्हणाल्या, "जो येईल तो राहील. तुला यायला हवेत की राहायला?" सगळ्यात शेवटी त्यांनी खिळ्यांचं लिहायला लावलं: दीवार में कील ठोकने की इजाज़त है. मला ते वाक्य पानावर शोभेसं वाटेना, पण मी ते ठेवलं.

मग वाट बघणं आलं. हे काम असं आहे, की आज पेरलं म्हणून उद्या उगवत नाही. मी रोज सकाळी बघायची आणि रोज तळ दिसायचा. काकू मात्र निवांत होत्या. त्यांनी वरच्या खोल्या पुसून घेतल्या, चार गाद्या उन्हात टाकल्या. तीन आठवड्यांनी गोंड्याची ती नर्स आली, फाटकाची चावी हातात घेऊनच तिनं हो म्हटलं. पितृपक्ष संपता संपता माझ्या नवऱ्याच्या प्रयोगशाळेजवळ काम करणाऱ्या दोन मुली आल्या. त्यांनी तीनही पानं वाचून काढली होती आणि माकडांबद्दल आणखी माहिती विचारली. तीन खोल्या भरल्या. चौथी पूर्वेची, मास्तरांच्या मुलीनं बॅग ठेवलेली, ती काही भरेना.

दसरा झाला आणि मुलगा आला. वर जाऊन सगळं बघून आला, मुलींशी बोलला, काकूंच्या हातची भाकरी खाल्ली. जेवण झाल्यावर हळूच म्हणाला, "आई, तीन झाल्या. आपलं चार ठरलं होतं." काकू म्हणाल्या, "ठरलं होतं." त्यांनी एक दिवसाचीही सवलत मागितली नाही. मी तिथं होते. मला त्या मुलाचा गळा धरावासा वाटला, पण त्याचं खोटं तर काही नव्हतं. दिवाळीला बारा दिवस होते आणि परवा दलाल घर बघायला येणार होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी लँडलाइन वाजला. काकूंनी ऐकलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि मला निरोप पाठवला की ये. मी गेले तर रस्त्याच्या बाजूच्या फाटकाशी मास्तर उभे. तोच पांढरा शर्ट, तीच दोन पेनं, मागे मुलगी आणि तीच बॅग. जुलैत तिला दुसरीकडे ठेवलं होतं, तिथं तिचं मन रमेना. तिनं पुन्हा शोधलं आणि हे पान तिला सापडलं. मास्तर काकूंना नमस्ते करून म्हणाले, आजही दुसऱ्या फाटकाकडून बघून यावं लागेल का? काकू हसल्या. मुलगा हॉलमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसला होता, त्यानं मान वर केली.

आता गप्प बसले असते तरी चाललं असतं. मास्तर विसरायला तयार होते, काकूंनी तर कधीच विसरून टाकलं होतं. पण जुलैपासून ते चार पावलांचं अंतर माझ्या मनात होतं. मी पुढे गेले.

"मास्टर साहब, वो सारे पन्ने मैंने लिखे थे. आंटी ने कुछ नहीं लिखवाया था. उस दिन मैं अंदर खड़ी थी."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. काकू दुसरीकडेच बघत होत्या. मास्तरांनी खिशातून कागद काढला, त्यावर या वेळी एकच पत्ता होता.

"नए पन्ने पर लिखा है, शाम को पानी नहीं आता. सच है?"

"सच है," मी म्हटलं.

"तब ठीक है," मास्तर म्हणाले आणि चपला काढून आत आले.

काकूंनी चहा टाकला. मास्तर आणि काकूंचा मुलगा हॉलमध्ये बसून सीतापूरच्या रस्त्याबद्दल बोलायला लागले. मुलगी वर जाऊन आली. बॅग या वेळी तिनं वरच ठेवली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ती काकूंना अगदी हळू म्हणाली, "आंटी, कील सच में ठोक सकते हैं? मेरे पास एक आईना है."

काकूंनी गाळणी हातात घेऊन मला सांगितलं, की हातोडी जिन्याखाली आहे, हिला दे. मी उठायच्या आत त्यांचा मुलगा उठला. त्यानं जिन्याखालून हातोडी काढली, डब्यातला एक खिळा निवडला आणि मुलीला विचारलं, आरसा किती मोठा आहे. दोघं वर गेले. मास्तर चहाची वाट बघत बसले.

वरून हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले. पहिला जरा बिचकत, मग दोन जोरात. काकू चहा गाळता गाळता थांबल्या आणि वर छताकडे बघत राहिल्या.

"या घरातला त्याचा पहिलाच खिळा आहे गं," त्या म्हणाल्या.